जोडीदारांची जोडीदार : लारिसा नेइलँड

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की रुग्णाचे नातेवाईक शल्यचिकित्सकाचे नाव आयुष्यभर लक्षात ठेवतात. रुग्णाला सुखरूप झोपवून सुखरूप जागे करणाऱ्या भूलतज्ज्ञाचे नाव मात्र क्वचितच कोणी विचारते. वैद्यकीय व्यवसायातील मंडळींना या प्रकाराची सवय आहे आणि त्याबद्दल कोणी फारशी तक्रारही करीत नाही. टेनिसच्या जगातही असेच एक उपेक्षित दालन आहे, ते म्हणजे दुहेरीचे. एकेरीच्या विजेत्याचे छायाचित्र वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर येते, तर दुहेरीच्या विजेत्या जोडीची नोंद आतल्या पानावर दोन ओळींत आटोपते. त्या दोन ओळींमध्ये १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ १२ वर्षे सातत्याने येत राहिलेले एक नाव म्हणजे लारिसा नेइलँड. विजेत्यांत आणि उपविजेत्यांत, महिला दुहेरीत आणि मिश्र दुहेरीत, प्रथम सोव्हिएत संघाच्या आणि पुढे लाट्व्हियाच्या ध्वजाखाली हे नाव येत राहिले. दुहेरीची ६५ विजेतेपदे, ६ ग्रँड स्लॅम विजेतेपदे आणि दुहेरीच्या जागतिक क्रमवारीतील पहिले स्थान एवढी कमाई असूनही हे नाव आपल्याकडील किती क्रीडारसिकांना आठवेल, याची शंका वाटते. या लेखात तिच्या कारकिर्दीचा परिचय करून द्यावयाचा आहे.

ल्व्हीवची साव्चेंको

लारिसाचा जन्म २१ जुलै १९६६ रोजी ल्व्हीव येथे झाला. माहेरचे आडनाव साव्चेंको. आज पश्चिम युक्रेनमध्ये असलेल्या या शहराने विसाव्या शतकात अनेक राजवटी पाहिल्या. पहिल्या महायुद्धापर्यंत ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, दोन महायुद्धांच्या दरम्यान पोलंडमध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघात आणि १९९१ पासून स्वतंत्र युक्रेनमध्ये. लारिसा जन्मली तेव्हा तेथे लाल ध्वज होता आणि तिचे टेनिस घडले तेही सोव्हिएत क्रीडाव्यवस्थेत.

ती व्यवस्था समजून घेतल्याखेरीज तिच्या पिढीच्या खेळाडूंची परिस्थिती ध्यानात येत नाही. प्रशिक्षण, प्रवास, निवास या सर्वांची जबाबदारी शासन घेत असे. त्याच्या मोबदल्यात कोणत्या स्पर्धेत खेळायचे हे शासन ठरवी आणि पारितोषिकाची जवळजवळ सर्व रक्कमही शासनाच्याच तिजोरीत जाई. खेळाडूच्या हाती पडे तो केवळ दैनंदिन भत्ता. १९८८ मध्ये सोल येथे टेनिसला ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून पुन्हा स्थान मिळाले. पदकांना अपार महत्त्व देणाऱ्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्या सुमारास या खेळाकडे अधिक गांभीर्याने पाहिले आणि साव्चेंकोच्या पिढीला पाश्चात्त्य स्पर्धांची दारे मोकळी झाली.

तिची पहिली नामांकित जोडीदार होती स्वेतलाना पार्खोमेंको. १९८७ च्या विम्बल्डनमध्ये या दोघींनी उपान्त्यपूर्व फेरीत मार्टिना नवरातिलोव्हा आणि पॅम श्रायव्हर यांना पराभूत केले, तेव्हा जाणकारांनी भुवया उंचावल्या. नवरातिलोव्हा-श्रायव्हर ही त्या काळातील अजिंक्य मानली जाणारी जोडी होती. त्यापूर्वीच्या सहा वर्षांत विम्बल्डनची दुहेरी या जोडीने पाच वेळा जिंकली होती. अशा जोडीला दोन सोव्हिएत मुलींनी घरचा रस्ता दाखवला.

एकेरीतही ती काही सामान्य खेळाडू नव्हती. १९८८ मध्ये तिने जागतिक क्रमवारीत १३वे स्थान गाठले होते. त्याच वर्षी सोल ऑलिंपिकच्या उपान्त्यपूर्व फेरीत तिची गाठ स्टेफी ग्राफशी पडली. चारही ग्रँड स्लॅम जिंकून आलेली ग्राफ त्या वर्षी जणू पराभव विसरली होती. साव्चेंकोने तिच्याकडून दुसरा सेट हिसकावून घेतला. अखेर ग्राफच जिंकली आणि पुढे सुवर्णपदकही तिलाच मिळाले. साव्चेंकोचे पदक अवघ्या एका सामन्याने हुकले.

झ्वेरेवाची सोबत

याच १९८८ सालापासून तिच्या कारकिर्दीचा खरा अध्याय सुरू होतो. मिन्स्कची नताशा झ्वेरेवा तिच्यापेक्षा जवळजवळ पाच वर्षांनी लहान. त्या वर्षी जूनमध्ये १७ वर्षांची झ्वेरेवा फ्रेंच स्पर्धेच्या एकेरीत अंतिम फेरीपर्यंत पोहोचली आणि ग्राफने तिला ६-०, ६-० असे हरवले. साऱ्या जगासमोर, एकही गेम न मिळता, अर्ध्या तासाहून थोड्या अधिक वेळात हा सामना संपला. एखाद्या कोवळ्या खेळाडूची उमेद कायमची खचावी असाच तो प्रसंग होता.

त्यानंतर महिनाभरात विम्बल्डन आले. दुहेरीत साव्चेंको आणि झ्वेरेवा एकत्र खेळल्या आणि अंतिम फेरीत पोहोचल्या. समोर होत्या ग्राफ आणि गॅब्रिएला साबातिनी. पहिला सेट ६-३ असा गेला, दुसरा या दोघींनी ६-१ असा खेचून आणला आणि तिसरा १२-१० पर्यंत लांबला. शेवटी ग्राफ-साबातिनी जिंकल्या. पण महिन्याभरापूर्वी जिच्यासमोर एक गेमही घेता आला नव्हता, त्याच ग्राफसमोर झ्वेरेवा या वेळी अखेरच्या गेमपर्यंत उभी राहिली होती, आणि तिच्या शेजारी साव्चेंको होती. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, पॅरिसच्या लाल मातीवर पुन्हा हीच चौघींची गाठ अंतिम फेरीत पडली. या वेळी साव्चेंको आणि झ्वेरेवा ६-४, ६-४ अशा सरळ सेटमध्ये जिंकल्या. जेथे झ्वेरेवाची मानहानी झाली होती, तेथेच त्याच प्रतिस्पर्धिनीविरुद्ध हे विजेतेपद मिळाले. साव्चेंकोचे हे पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद.

त्याच १९८९ च्या एप्रिलमध्ये झ्वेरेवाने अमेरिकेतील एका स्पर्धेनंतर, मिळालेला धनादेश आपल्याला स्वतःजवळ ठेवता यावा, असे दूरचित्रवाणीवर उघडपणे बोलून दाखवले होते. सोव्हिएत खेळाडूने असे बोलणे त्या काळी धाडसाचेच होते. त्यानंतर हळूहळू नियम सैल झाले आणि खेळाडू आपली कमाई स्वतः राखू लागले.

१९८९ च्या डिसेंबरमध्ये लारिसाचा विवाह अलेक्झांडर नेइलँड यांच्याशी झाला. ते तिचे प्रशिक्षकही होते. या विवाहामुळे तिचे नाते बाल्टिक समुद्राकाठच्या लाट्व्हियाशी जुळले. लाट्व्हिया म्हणजे रीगा ही राजधानी असलेला, आज २० लाखांहूनही कमी लोकवस्तीचा देश. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने तो गिळंकृत केला होता. मे १९९० मध्ये त्याने स्वातंत्र्याच्या पुनःस्थापनेची घोषणा केली आणि ऑगस्ट १९९१ मध्ये ते स्वातंत्र्य प्रत्यक्षात आले.

१९९१ : जाळीच्या पलीकडे

१९९१ हे वर्ष तिच्या आयुष्यात विलक्षण ठरले. जुलैमध्ये साव्चेंको आणि झ्वेरेवा यांनी विम्बल्डन जिंकले. अंतिम सामन्यात त्यांनी गिगी फर्नांडिस आणि याना नोव्होत्ना यांना ६-४, ३-६, ६-४ असे हरवले. ऑगस्टमध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न फसला, लाट्व्हिया मुक्त झाला आणि एकेक प्रजासत्ताक सोव्हिएत संघातून बाहेर पडू लागले. सप्टेंबरमध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला तेव्हा जोड्याही बदललेल्या होत्या. साव्चेंकोच्या शेजारी आता नोव्होत्ना होती आणि झ्वेरेवा जाळीच्या पलीकडे, पॅम श्रायव्हरच्या साथीने. तो सामना झ्वेरेवा-श्रायव्हर यांनी तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये जिंकला.

त्याच वर्षी साव्चेंकोने एकेरीतील आपले पहिले विजेतेपद मिळवले. तेही सेंट पीटर्सबर्ग येथे, म्हणजे त्याच वर्षी लेनिनग्राड हे नाव टाकून आपले जुने नाव पुन्हा धारण केलेल्या शहरात. डिसेंबर १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ विसर्जित झाला. ज्या देशाने तिला घडवले आणि ज्याच्या संघातून ती १९८८ आणि १९९० मध्ये फेडरेशन चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली होती, तो देशच नकाशावरून नाहीसा झाला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९९२ मध्ये, ती दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर आली.

यानंतरची दोन वर्षे मात्र तिच्या वाट्याला एक चमत्कारिक दैवयोग घेऊन आली. झ्वेरेवाने गिगी फर्नांडिसशी जोडी जमवली आणि या जोडीने १९९२ च्या फ्रेंच स्पर्धेपासून १९९३ च्या विम्बल्डनपर्यंत सलग सहा ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या. या सहांपैकी चार अंतिम सामन्यांत पराभूत झालेली जोडी एकच होती, ती म्हणजे नोव्होत्ना आणि साव्चेंको-नेइलँड. १९९२ चे विम्बल्डन, १९९२ ची अमेरिकन स्पर्धा, १९९३ ची फ्रेंच स्पर्धा आणि १९९३ चे विम्बल्डन या चारही वेळा तिला आपल्याच जुन्या जोडीदारीणीकडून हार पत्करावी लागली. झ्वेरेवाला कोणता फटका आवडतो आणि दडपणाखाली ती कोठे मारते, हे साऱ्या जगात लारिसाइतके कोणाला ठाऊक असणार? पण हे ज्ञान दुधारी होते. झ्वेरेवालाही लारिसाचा खेळ तितकाच पाठ होता.

१९९३ चे विम्बल्डन रसिकांना आठवते ते नोव्होत्नाच्या अश्रूंसाठी. एकेरीच्या अंतिम सामन्यात हाताशी आलेला विजय निसटल्यावर पारितोषिक समारंभात ती केंटच्या डचेसच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. त्याच स्पर्धेत तिने लारिसासह दुहेरीचाही अंतिम सामना तीन सेटमध्ये गमावला, हे फारच थोड्यांच्या लक्षात आहे. नोव्होत्नाने पुढे १९९८ मध्ये विम्बल्डनची एकेरी जिंकली. नोव्हेंबर २०१७ मध्ये अवघ्या ४९व्या वर्षी कर्करोगाने तिचे निधन झाले.

सेकंदाच्या दशांशाचा खेळ

आता थोडे दुहेरीच्या तंत्राविषयी. एकेरीचे मैदान २७ फूट रुंद असते, तर दुहेरीसाठी दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या जोडून ते ३६ फूट होते. रुंदी एकतृतीयांशाने वाढते, खेळाडू मात्र दुपटीने वाढतात. त्यामुळे मोकळी जागा कमी आणि कोन अधिक. मागच्या रेषेवरून जोरदार फटके मारीत प्रतिस्पर्ध्याला दमवण्याची एकेरीतील युक्ती येथे फारशी चालत नाही. जी जोडी आधी जाळीजवळ पोहोचते, तिचे पारडे जड होते.

जाळीजवळ उभ्या असलेल्या दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये बहुधा सहा मीटरच्या आसपास अंतर असते. चेंडू ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने आला, तर तो ०.३ सेकंदात समोरच्याजवळ पोहोचतो. दृष्टीने टिपलेल्या संवेदनेला हाताने प्रतिसाद देण्यास निरोगी तरुण व्यक्तीला सुमारे ०.२ सेकंद लागतात, हे शरीरक्रियाशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत आपण सर्वांनीच मोजले आहे. म्हणजे रॅकेट हलवून योग्य कोनात धरण्यासाठी उरतो तो जेमतेम एकदशांश सेकंद. एवढ्या अवधीत विचार करून निर्णय घेता येत नाही. तो आधीच झालेला असावा लागतो. प्रतिस्पर्ध्याचा खांदा कोठे वळला, रॅकेटचे तोंड किती उघडले, जोडीदार कोणत्या पावलावर आहे, यावरून चेंडू येण्यापूर्वीच तो कोठे येणार हे ओळखावे लागते. हजारो वेळा नाडी पाहिलेल्या बोटांना जे कळते, त्याच जातीचे हे ज्ञान आहे, आणि ते वयाबरोबर वाढत जाते.

दुहेरीतील खेळाडू दीर्घकाळ टिकतात त्याचे एक कारण हेच. धाव अर्ध्या मैदानाची, गुणांची चढाओढ आखूड आणि सर्व्हिसचा भार चार गेममधून एकदाच खांद्यावर येणारा. डोक्यावरून होणाऱ्या फटक्यांमुळे खांद्याच्या रोटेटर कफवर आणि बॅकहँडमुळे कोपराच्या बाहेरील बाजूच्या स्नायुबंधांवर येणारा ताण दुहेरीतही चुकत नाही, पण एकेरीच्या तुलनेत तो बराच विभागला जातो. लारिसाने आपल्या कारकिर्दीत दुहेरीचे सातशेहून अधिक सामने जिंकले. पायांचा वेग ओसरू लागला तरी नजर आणि अंदाज शाबूत राहतात, याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल.

मिश्र दुहेरीतील चार विजेतेपदे

महिला दुहेरीत नशीब रुसले असताना मिश्र दुहेरीने तिला भरभरून दिले. १९९२ मध्ये चेक खेळाडू सिरिल सुक याच्यासह तिने विम्बल्डन जिंकले. स्वतंत्र लाट्व्हियाची खेळाडू म्हणून तिचे हे पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद. १९९४ मध्ये रशियाच्या आंद्रेई ओल्होव्स्कीसह ऑस्ट्रेलियन, १९९५ मध्ये टॉड वुडब्रिजसह फ्रेंच आणि १९९६ मध्ये मार्क वुडफर्डसह पुन्हा ऑस्ट्रेलियन स्पर्धा तिने जिंकली. चार विजेतेपदे आणि चारही वेळा वेगळा जोडीदार! वुडब्रिज आणि वुडफर्ड ही पुरुष दुहेरीतील त्या काळची सर्वोत्तम जोडी. त्या दोघांनीही मिश्र दुहेरीत तिची साथ पसंत केली, यातच तिची योग्यता दिसून येते. एकाच जोडीदाराशी वर्षानुवर्षे खेळून मेळ जमवणे एक वेळ सोपे. पण वेगळ्या देशाचा, वेगळ्या भाषेचा, वेगळ्या शैलीचा साथीदार घेऊन दोन आठवड्यांत विजेतेपदापर्यंत पोहोचणे हे फार अवघड काम आहे. आपल्याकडे लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी नेमक्या याच गुणावर मिश्र दुहेरीत नाव कमावले. भूपतीने १९९७ मध्ये जपानच्या रिका हिराकीसह फ्रेंच स्पर्धा जिंकून भारताला पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा लारिसा त्याच प्रकारात जगातील अग्रगण्य खेळाडूंपैकी एक होती.

१९९६ च्या विम्बल्डनमध्ये ती महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशा दोन्ही अंतिम फेऱ्यांत पोहोचली. तिशी पूर्ण होण्यास काही दिवसच उरले होते. महिला दुहेरीत तिच्या साथीला मेरेडिथ मॅकग्रा होती आणि समोर हेलेना सुकोव्हा व अवघी १५ वर्षांची मार्टिना हिंगिस. पहिला सेट जिंकूनही सामना ७-५, ५-७, १-६ असा हातचा गेला आणि हिंगिस विम्बल्डनच्या इतिहासातील सर्वांत लहान विजेती ठरली. हीच हिंगिस पुढे १९ वर्षांनी, २०१५ मध्ये, हैदराबादच्या सानिया मिर्झासह विम्बल्डनची दुहेरी जिंकून गेली, हे आपल्या वाचकांना चांगलेच स्मरत असेल. मिश्र दुहेरीत पुन्हा समोर सुकोव्हाच होती आणि तिच्या साथीला तिचा भाऊ सिरिल सुक. चार वर्षांपूर्वी ज्याच्यासह लारिसाने विम्बल्डन जिंकले होते, तोच हा सुक. त्या भावंडांची आई व्हेरा सुकोव्हा १९६२ मध्ये विम्बल्डनच्या एकेरीत उपविजेती होती. भावंडांनी लारिसाच्या जोडीला १९९६ मध्ये हरवले आणि १९९७ मध्येही अंतिम फेरीत पुन्हा हरवले.

हिशेब

शतक संपता संपता लारिसाने व्यावसायिक टेनिसमधून निवृत्ती घेतली. त्यानंतर ती प्रशिक्षणाकडे वळली. २००९ मध्ये रशियाच्या स्वेतलाना कुझनेत्सोव्हाने फ्रेंच स्पर्धेची एकेरी जिंकली, तेव्हा तिची प्रशिक्षक लारिसा होती. स्वतःला एकेरीत जे साधले नाही ते शिष्येकडून करवून घेण्याचे समाधान तिला त्या दिवशी लाभले असेल.

तिच्या महिला दुहेरीच्या ग्रँड स्लॅम अंतिम सामन्यांचा हिशेब मांडला तर १२ सामने, २ विजय आणि १० पराभव असा तो येतो. केवळ आकडे पाहणारा याला अपयश म्हणेल. पण १२ वेळा अंतिम फेरीत पोहोचण्यासाठी त्याआधी किती सामने जिंकावे लागतात, हेही ध्यानात घ्यावयास हवे. शिवाय हे १० पराभव कोणाकडून झाले? ग्राफ, साबातिनी, सुकोव्हा, नोव्होत्ना, फर्नांडिस, श्रायव्हर, झ्वेरेवा, हिंगिस! या आठहीजणींना अमेरिकेतील न्यूपोर्ट येथील आंतरराष्ट्रीय टेनिस कीर्तिमंदिरात स्थान मिळाले आहे. वुडब्रिज आणि वुडफर्ड यांनाही तो मान मिळाला आहे. तिच्या शेजारी खेळलेले आणि तिच्या समोर खेळलेले बहुतेक मोठे खेळाडू त्या मंदिरात आहेत. लारिसा नेइलँडचे नाव मात्र तेथे नाही. दुहेरीत ६५ विजेतेपदे मिळवणाऱ्या, पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या आणि सहा ग्रँड स्लॅम जिंकलेल्या खेळाडूला हा मान मिळावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. दोन ध्वजांत आणि दोन आडनावांत विभागलेली कारकीर्द कोणत्याच एका देशाच्या अभिमानाचा विषय होऊ शकली नाही, हेही या उपेक्षेचे एक कारण असू शकेल.

लाट्व्हियाच्या टेनिसची कहाणी मात्र तिच्यापाशी थांबली नाही. २०१४ मध्ये अर्नेस्ट्स गुल्बिसने पॅरिसमध्ये रॉजर फेडररला नमवून उपान्त्य फेरी गाठली. २०१७ मध्ये रीगाच्या येलेना ओस्तापेंकोने मानांकन नसताना फ्रेंच स्पर्धेची एकेरी जिंकली आणि एकेरीत ग्रँड स्लॅम मिळवणारी ती पहिली लाट्व्हियन ठरली. सप्टेंबर २०२४ मध्ये याच ओस्तापेंकोने युक्रेनच्या ल्युद्मिला किचेनोक हिच्यासह अमेरिकन खुल्या स्पर्धेची महिला दुहेरी जिंकली. युक्रेनमध्ये जन्मलेल्या आणि लाट्व्हियासाठी खेळलेल्या लारिसाने १९९१ आणि १९९२ अशी सलग दोन वर्षे ज्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हार पत्करली होती, तीच ही स्पर्धा. ३२ वर्षांनंतर त्याच चषकावर एक लाट्व्हियन आणि एक युक्रेनियन नाव शेजारी-शेजारी कोरले गेले.